बी साइडचं शेवटचं गाणं

ते गाणं माझं नाही. एवढं आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे मन फिरलं तरी कागदावर राहील. काल दुपारपासून तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा दारात कुणी आलंय असं वाटलं म्हणून, आणि एकदा काहीच कारण नसताना.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यात हळदीला जो कुणी नाचलाय त्याला हे गाणं माहीत आहे. ‘थांबा गो थांबा, हलद नका लावू, वाटंवर माजं मानूस हाय.’ त्यानंतर एका बाईचं नाव येतं, आणि मग ‘आली का, बघा गो दारी’. तिथे ढोलकी थांबते आणि सगळा मांडव ओरडतो, ‘आलीऽ!’ ते नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल. कॅसेटच्या वेष्टनावर गीतकार म्हणून माझं नाव छापलेलं आहे. एसटी स्टँडवर अजून कुणी ना कुणी विचारतं, ‘बाबा, ते गाणं तुमचंच ना?’ मी हसतो. हसणं म्हणजे हो म्हणणं नव्हे, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आलो.

शहापूरच्या बाजारपेठेत माझं दुकान होतं. पुढे कॅसेट, मागच्या खोलीत भाड्याने द्यायचे लाऊडस्पीकर, भोंगे, वायरींची वेटोळी. नव्वदीच्या सुरुवातीचा तो काळ. विकत घेतलेल्या कॅसेटमध्ये आवडीचं एखादंच गाणं असतं, म्हणून लोक कोरी कॅसेट आणि आवडत्या गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि म्हणायचे, ‘भरून द्या.’ यादी कॅलेंडरच्या पाठीवर, विडीच्या पाकिटावर, मुलाच्या वहीतल्या फाडलेल्या पानावर लिहिलेली असे. वाशिंदच्या कारखान्यात जाणारे लोक सकाळी यादी टाकून जात आणि संध्याकाळी कॅसेट घेऊन जात.

त्या याद्यांवरून गाण्यांचं आयुष्य आपल्याला कळतं, असा माझा समज होता. एखादं गाणं लग्नसराईत प्रत्येक यादीत पहिलं असे आणि दिवाळीपर्यंत त्याचं कुणी नाव काढत नसे. दुसरं एखादं, जे नवं होतं तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते दहा वर्षांनीही यादीत कुठेतरी सहाव्या-सातव्या नंबरवर चिकटून असे. का? चाल सोपी असली की टिकतं, असं आधी वाटलं. पण सोप्या चालीची किती तरी गाणी माझ्या डोळ्यांदेखत गेली. मग वाटलं ठेका. मग वाटलं, काही नाही, नुसतं नशीब. धसईकडचा एक शेतकरी दर वर्षी एकच जुनं गाणं पुन्हा भरून घ्यायचा, कारण त्याची कॅसेट वाजून वाजून झिजायची. मी विचारलं, ‘काय आहे एवढं त्यात?’ तर म्हणाला, ‘त्यात माझी म्हस हाय.’ गाण्यात म्हशीचं नावसुद्धा नव्हतं. तो ते धार काढताना म्हणायचा, एवढंच. मी हसलो, आणि चार गिऱ्हाइकांना हा किस्सा सांगितला. त्यात काही शिकण्यासारखं आहे असं मला वाटलं नाही.

मला स्वतःला गाणी लिहायची होती. लिहीतही होतो. त्या काळात ठाण्या-कल्याणकडे स्थानिक गाण्यांच्या कॅसेट निघत होत्या, आणि एका लहानशा कंपनीच्या माणसाने मला सांगितलं की तुमच्याकडची आठ गाणी द्या, चार ए साइडला, चार बी साइडला. माझ्याकडे सात होती. आठवं काही केल्या जमेना.

माझ्या बायकोचं माहेर धसईच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात. त्या गावात कुणाकडे लग्न असलं की लाऊडस्पीकर माझा. मी गावचा जावई होतो, त्यामुळे मला मांडवात खुर्ची, चहा आधी, जेवण आधी. आमच्याकडे लग्नाचे विधी धवलारीण करते. धवले म्हणजे लग्नातली गाणी. ती गाणारी ती धवलारीण. तिच्या गाण्याशिवाय हळद लागत नाही. गावात धवलारीण एकच होती, विधवा बाई, माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी. बायको तिला काकी म्हणायची, म्हणून मीही म्हणायचो.

काकीची एक रीत होती, जी मी दुसऱ्या कुणा धवलारणीकडे पाहिली नाही. हळदीच्या आदल्या दिवशी ती लग्नघरी जायची, चुलीजवळ बायकांमध्ये बसायची आणि विचारायची, ‘ह्या घरातून कोन कोन गेलंय?’ म्हणजे वारलेली माणसं. बायका नावं सांगायच्या. काही नावं मोठ्याने, काही तिच्या कानात. हळदीच्या वेळी काकी हळदीचं ताट अडवायची आणि ते गाणं म्हणायची. गेलेल्या एकेका माणसाचं नाव घ्यायची आणि विचारायची, आली का, आला का, बघा गो दारी. पुढच्या कडव्यात ती स्वतःच उत्तर द्यायची. ते माणूस आलेलं आहे, त्याला पाणी द्या, बसायला द्या. एक रिकामा पाट मांडलेला असायचा. सगळी येऊन बसली की मग हळद. घरातल्या बायका रडायच्या, आणि नंतर फार मोकळ्या हसायच्याही.

हे गाणं पूर्वापार चालत आलेलं नव्हतं. हे मला माहीत होतं; इथे मला कसलीही सवलत नको. काकीनेच मला सांगितलं होतं. मी चुलीच्या भिंतीवरून वायर ओढत होतो आणि तिला विचारलं, हे कुणाकडून शिकलात? ती म्हणाली, ‘शिकतंय कोन? माझ्या भैनीची पोर आईवेगळी. हलदीला बसली आन् म्हनाय लागली, आई आल्याबिगर लावून घेनार नाय. समदे समजावतायत, ऐकंना. मंग मी म्हनलं, थांब, बोलवते तुझ्या आईला. आन् त्या टायमाला आलं तोंडात.’

ते ज्या घरात मी ऐकलं आणि टेप केलं, त्या घरातली म्हातारी त्याच वर्षी वारली होती. नातवाचं लग्न होतं. मी अ‍ॅम्प्लिफायरमधून वायर काढून डेकला जोडली आणि काकीचं सगळं गाणं कॅसेटवर घेतलं. विचारलं नाही. तेव्हा मनात चोरी नव्हती, असं लिहायला हात शिवशिवतोय, पण आठव्या गाण्याचा विचार मनात होता की नव्हता, हे मला आज शपथेवर सांगता येणार नाही.

कल्याणच्या स्टुडिओत माझी सात गाणी झाली. कंपनीच्या माणसाने घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, ‘आठवं?’ मी काकीची टेप लावली. गाणं अकरा-बारा मिनिटांचं होतं. तो म्हणाला, ‘चाल जबरदस्त आहे. पण एवढं लांब कोण ऐकणार? बी साइडला पाच मिनिटं उरलीत.’ मग मी पेन घेऊन बसलो. उत्तराची कडवी काढली. पाट, पाणी, बसणं, सगळं काढलं. नुसता प्रश्न ठेवला. नावंही सगळी काढली, एक सोडून. कारण ते नाव ढोलकीवर नेमकं बसत होतं आणि गाणाऱ्या मुलीलाही आवडलं. जुनं नाव, हल्ली कुणी ठेवत नाही. ती म्हणाली, ‘नवरीचं नाव किती गोड आहे!’ मी तिला सांगितलं नाही की ही नवरी नव्हे. ही त्या घरातली नुकतीच गेलेली आजी आहे.

वेष्टनावर काय छापायचं, असा प्रश्न आला. मी म्हणालो, ह्या शेवटच्याला पारंपरिक लिहू. तो म्हणाला, ‘पारंपरिक लिहिलंत तर उद्या कुणीही उचलेल. तुमचंच नाव राहू द्या की.’ मी राहू दिलं.

त्यानंतर जे झालं ते लोकांना माहीत आहे. माझी सात गाणी पहिल्या उन्हाळ्यातच गेली. मी दुकानात मुद्दाम ए साइड लावायचो, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, ‘शेठ, उलटी करा ना.’ पुढच्या वर्षी याद्यांमध्ये फक्त ते आठवं. बेंजोवाल्यांनी उचललं, बँडवाल्यांनी उचललं. माझ्या सात गाण्यांवर मी महिनेच्या महिने घालवले होते, एकेका शब्दासाठी रस्त्याने पुटपुटत हिंडलो होतो. आज त्यांतल्या दोन गाण्यांची चालही मला आठवत नाही. माझं मलाच!

मी पुष्कळ विचार केला आहे यावर. उत्तर कापलं म्हणूनच ते चाललं की काय? काकीच्या गाण्यात प्रश्न विचारणारीही तीच आणि उत्तर देणारीही तीच, ऐकणाऱ्याने ऐकायचं. माझ्या कापलेल्या गाण्यात प्रश्न लटकत राहिला, आणि तो लटकता प्रश्न लोकांना सहन होईना. म्हणून ‘आली!’ ओरडणं आलं. ते मी लिहिलेलं नाही. ते कुणीच लिहिलेलं नाही. लोकांनी भोकात बोट घालावं तसा आपला आवाज घातला. म्हणजे मी वाईट काम केलं म्हणून गाणं जगलं? हा विचार आला की मला बसवत नाही. कारण दुसरी बाजूही आहे. गाणं जगलं असं आपण म्हणतो, पण अर्धंच जगलं. अर्धं मेलं, आणि ते काळाने मेलं नाही. ते एका दुपारी कल्याणला एका माणसाने पेनाने कापलं.

कॅसेट येऊन वर्ष झालं असेल. सकाळी अकराच्या सुमारास एक म्हातारा दुकानात आला. धोतर, टोपी, हातात पिशवी. त्या घरातला, त्या आजीचा नवरा. गावाहून एसटीने सरळगाव, किन्हवली करत आला होता, मधे उन्हात गाडीची वाट बघत. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती आणि डेकवर नेमकं तेच गाणं चालू होतं. गिऱ्हाइकांतला एक जण ठेका धरून हलत होता.

म्हातारा म्हणाला, ‘जावय, हे बंद करा.’

मी बंद केलं.

‘माझ्या बायकोला नाचवताय गावोगाव,’ तो म्हणाला. आवाज चढवला नाही. ‘परवा सरळगावला वरातीत दारू पिऊन पोरं तिचं नाव घेत व्हती. वर्ष झालं नाय तिला जाऊन तवा तुमी हे केलंत. कोनी दिलं तुमाला तिचं नाव?’

गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, ‘बाबा, मला काय माहीत? मला काकीनं दिलं गाणं. तिनं सांगितलं ते मी घातलं.’

‘तिनं दिलं?’

‘हो.’

म्हाताऱ्याने हातातली पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाला, ‘धवलारणीच्या कानात सांगितलेली नावं व्हती ती,’ आणि गेला. मी त्याला पाणीही विचारलं नाही. एका गिऱ्हाइकाने विचारलं, ‘म्हणजे गाणं कुणा बाईनं लिहिलंय?’ मी म्हणालो, ‘नाही हो. नाव तेवढं तिनं सुचवलं. गाणं माझं.’

एका मिनिटाच्या अंतराने मी दोन्ही केलं. चूक तिची केली आणि गाणं माझं ठेवलं.

धवलारणीला घराने आपल्या मेलेल्या माणसांची नावं विश्वासाने सांगितलेली असतात. ती नावं तिने बाहेर दिली, कॅसेटवाल्याला दिली, असं एकदा गावात झालं की संपलं. पुढच्या लग्नसराईत त्या घरच्या भावकीने तिला बोलावलं नाही, शेजारच्या गावची धवलारीण आणली. मग आजूबाजूची गावं. जिथे कुणी बोलावलं तिथे पोरं म्हणायची, ‘काकी, कॅसेटमधलं तुला पूर्ण येत नाय वाटतं. मधेच काय पाट मांडते?’ तिच्याच मांडवात तिच्यावर नक्कल केल्याचा आळ. मी गावचा जावई. मला कुणी विचारायला आलं नाही. जावयाला विचारायचं नसतं.

बायकोला सगळं कळलं होतं. तिने एकदाच विषय काढला. ‘अहो, काकी म्हणते, मी दिलं नाय. मग कसं आलं?’ मी म्हणालो, तुला काय कळतंय त्यातलं. त्यानंतर माहेरी लग्न असलं की ती एकटी जायची आणि मी दुकानाचं निमित्त सांगायचो. घरात ते गाणं लागलं की ती उठून आत जायची. आमच्या उरलेल्या संसारात हे असंच चाललं.

दोन हजार साल उलटल्यावर कॅसेट गेल्या, सीडी आल्या, मग लोक गाणी मोबाइलवर घेऊ लागले. माझं दुकान बंद झालं. गाणं बंद झालं नाही. बायको गेली, आणि पुढच्याच वर्षी धाकट्या मुलाचं लग्न ठरलं. हळदीच्या संध्याकाळी दारात डीजे लावला होता. मी ओटीवर बसलो होतो. मुलगा हळदीला बसला आणि त्याच्या मित्रांनी ते गाणं लावलं. माझ्या मानासाठीच लावलं. ‘काकांचं गाणं, काकांचं गाणं!’ म्हणत मला मधे ओढलं. त्या परक्या आजीचं नाव आलं, आली का बघा गो दारी, आणि माझ्या सुना, नातवंडं, व्याही, सगळे हात वर करून ओरडले, ‘आलीऽ!’

माझी बायको आली नव्हती. तिचं नाव कुणी घेतलंच नाही. घेणार तरी कोण आणि कुठे? ती जागा मीच काढून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी मी माळ्यावर जुनी टेप शोधली. सापडली. फितीचे पदर बुरशीने एकमेकांना चिकटलेले, ओढली तशी फीत तुटली.

लग्नाचे पाहुणे पांगल्यावर मी धसईपुढे काकीच्या गावी गेलो. काकी ओटीवर सुपात वरी पाखडत बसली होती. केस पूर्ण पांढरे, दात गेलेले, पण ओळखलं लगेच. म्हणाली, ‘जावय आले. येवडी वर्षं वाट चुकला व्हता का?’ सुनेला म्हणाली, ‘चा टाक गो. गाण्यावालं आलंय.’

मी सांगायला गेलो होतो की माझ्या बायकोसाठी एकदा ते गाणं म्हणा. ते राहिलं बाजूला. मी काय बोललो ते नीट आठवत नाही. एवढं आठवतं की दुकान, म्हातारा, गिऱ्हाइकं, सगळं उलटसुलट सांगितलं. तिचे हात सुपावर चालूच होते.

‘हे मला कशाला सांगता?’ ती म्हणाली. ‘मला ठावं नाय का, मी दिलं का नाय दिलं ते?’

‘मग काय करू?’

‘ज्या घरात माझं नाव घालवलंत तिथं जावा.’

‘आणि माझ्या बायकोचं?’ मी शेवटी विचारलं.

‘तिचं नाव मी घेन. पोर चांगली व्हती. आदी त्या घरी जावा.’ मग सुपातला खडा काढत म्हणाली, ‘चा पिऊन जावा. पळू नका.’

त्या घरी जायला मला पुढे पाच महिने लागले. दोनदा मुरबाडच्या स्टँडवरून परत आलो. तिसऱ्यांदा गेलो. म्हातारा वारला होता. त्याचा थोरला मुलगा, तोही आता सत्तरीकडे झुकलेला, मला गावचा जावई म्हणून दाजी म्हणतो. बसा म्हणाला, पाणी दिलं. मी सांगितलं. आतून त्याची बायको बाहेर आली.

‘आमा बायकांना का ठावं नव्हतं, दाजी?’ ती म्हणाली. ‘काकी कशाला देईल? पन सासऱ्यांच्या फुडं बोलनार कोन? आन् तुमाला कसं म्हनायचं खोटं?’

‘आता बा गेला,’ तो म्हणाला. ‘मला सांगून काय उपयोग? माझ्या धाकट्या पोरीचं लगीन हाय वैशाखात. चार गावची लोकं येतील. तितं बोला.’

मी हो म्हणालो. आणि खरंच गेलो, माझ्या बाजूने सांगण्यासारखं एवढंच. थोरल्याच्या बायकोने स्वतः जाऊन काकीला बोलावून आणलं होतं; ती आत बायकांमध्ये बसली होती. संध्याकाळी उजेड असतानाच हळद होती. डीजेवाल्याकडून मी माइक घेतला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हातात माइक दिला. स्वतः पहिल्यांदाच धरला. मी म्हणालो, ‘हे जे गाणं तुम्ही सगळे म्हणता, ते माझं नाही. ते ह्या गावच्या काकीचं आहे. त्यातलं नाव ह्या घरातल्या आजींचं आहे, आणि ते काकीनं दिलेलं नाही, मी...’

एवढ्यावर कुणीतरी ओळखलं. ‘अरे, गाण्यावाले बाबा!’ टाळ्या पडल्या. शिट्ट्या. ‘बाबा किती साधे बघा, स्वतःचं म्हनत नाय!’ डीजेवाल्या मुलाला वाटलं, मी गाण्याची घोषणा करतोय. त्याने बटण दाबलं. ‘थांबा गो थांबा’ सुरू झालं आणि माझा आवाज त्यात बुडाला. माणसं नाचायला लागली. मी माइक हातात घेऊन उभा.

थोरल्याने पुढे होऊन डीजे बंद करायला लावला. पोरं कुरकुरली. मग काकी बाहेर आली, हळदीचं ताट अडवलं आणि बसून गायला लागली. आवाज जवळजवळ उरलेलाच नव्हता. मागच्या रांगेतल्यांना काही ऐकू गेलं नसेल. ती माणसं आपसात बोलत राहिली, मोबाइलवर पाहत राहिली. पुढच्या बायका मात्र गप्प झाल्या. तिने त्या घरातली नावं घेतली, म्हातारीचं, आता म्हाताऱ्याचंही, आणि प्रत्येकाला आत आणून बसवलं. माझी बायको त्या गावची लेक, तिचं नाव येईल म्हणून मी कान देऊन बसलो. आलं नाही.

नंतर मी तिच्याजवळ गेलो. मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, ‘टाळ्या वाजवल्या तुमाला. कोनाला कळलं काय? तोंडाचं वाऱ्यावर गेलं. कागदावर लिवा. माझ्या सुनेला वाचता येतंय.’

तिच्या सुनेचाही यात संबंध आहे. ती आता सासूबरोबर धवले शिकली आहे, आवाज चांगला आहे, आणि ‘नावं बाहेर देणाऱ्या बाईची सून’ म्हणून चार गावं तिला बोलावत नाहीत. कागद त्या गावांसाठी हवा आहे. म्हणून हे सगळं लिहिलं. उत्तराची कडवी मी त्या संध्याकाळी पुन्हा ऐकली, माझ्या लक्षातही आहेत, पण ती इथे लिहिलेली नाहीत. काकी म्हणाली, ‘ती लिवू नका. लिवलं का बसून जातं. माझ्या सुनेला येतात, तेवडं पुरे.’

मागच्या आठवड्यात मी हे इथपर्यंत लिहिलेलं घेऊन गेलो. सुनेने ओटीवर बसून मोठ्याने वाचलं. म्हशीचं आलं तिथे काकी हसली. स्टुडिओचं आलं तिथे तिने दोनदा वाचायला लावलं. दुकानातलं आलं, तेव्हा सुनेने माझ्याकडे न बघता पुढे वाचलं. सगळं संपल्यावर काकी म्हणाली, ‘बराबर हाय. पन एक नाय लिवलं.’

‘काय?’

‘माझ्यावर का घातलंत ते. म्हाताऱ्याला सांगायचं का मी घेतलं, चुकलं. त्यानं काय मारलं असतं तुमाला? का नाय सांगितलं?’

मी म्हणालो, घाबरलो.

‘ते न्हवं. घाबरला तर गप बसला असता. माझं नाव का घेतलंत?’

मी कागद परत आणला. काल दुपारपासून जे तीनदा उठलो ते ह्या प्रश्नापायी उठलो. सुरुवातही त्याच वेळी पुन्हा लिहून काढली. आता लिहितो. म्हातारा समोर उभा होता, गिऱ्हाइकं बघत होती, आणि तेवढ्यात मी मनातल्या मनात माणसं चाळली. कंपनीवाल्याचं नाव घेतलं असतं तर तो उद्या फोन करून भांडला असता. गाणाऱ्या मुलीचं घेतलं असतं तर तिचा बाप आला असता. काकीच्या मागे कुणी नव्हतं. विधवा बाई, पदरात लहान मुलगा, लिहिता-वाचता न येणारी, दोन एसटी बदलून शहापूरला येऊन मला जाब विचारायला ती कधी येणार नाही, हे मला तेव्हा पक्कं माहीत होतं, आणि ती आली नाही.